गादीवर ठेवलेला डाग

माझ्या हातून मोटारीच्या गादीवर कोकमाचं पाणी सांडलं, ही गोष्ट खरी. ती मी तेव्हाही नाकारली नव्हती. जे मी केलं नव्हतं ते मात्र कबूल केलं नाही, आणि तेवढ्या एका नकारापायी आमच्या रत्नागिरीच्या घरात त्या वैशाखात जे रामायण घडलं ते आज लिहायला बसले आहे. ज्यांनी लिहू नको म्हटलं असतं ते आता कुणी उरले नाहीत. असते तरी मी लिहिलंच असतं.

सन तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, नारळ-सुपारीचा व्यापार होता. त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटार विकत घेतली आणि ती कोल्हापूरमार्गे घाट उतरून घरी आणवली. गावात मोटारी होत्या, पण त्यांना वर कापडी टप आणि आत चामड्याच्या गाद्या. आमच्या मोटारीला चारी बाजूंनी काचा होत्या आणि गाद्या कापडाच्या होत्या, जाड, मऊ, दुधाच्या चहाच्या रंगाच्या. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून त्या गादीवरून हात फिरवायला लावीत. "सुती नव्हे हो, अस्सल विलायती लोकर!" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की एकदा सासूबाई म्हणाल्या, "त्या लोकरीचा सदरा शिवून घ्या आणि फिरा गावभर, म्हणजे लोकांना इथवर यायला नको."

सासूबाईंच्या जिभेला धार होती. माझ्याही होती, पण सुनेची जीभ म्यानात ठेवायची असते असं मला सांगितलेलं होतं. माझे यजमान मुंबईत नोकरीला. वर्षातून दोनदा बोटीने यायचे, आठ दिवस राहायचे, आईचंही बरोबर आणि माझंही बरोबर असं म्हणून परत जायचे.

त्या मोटारीचं वेड मामंजींना होतं, पण तिची गरज मला होती. माझं माहेर पालीच्या बाजूला. मी एकुलती एक. वडील लवकर गेले आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आईच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग लुळं पडलं. एक शेजारीण तिचं सगळं करायची. बैलगाडीने जायचं तर दिवस मोडायचा, आणि उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारीतून सुनेला एकटीला कोण धाडतो? पण आमचं कुलदैवत त्याच वाटेवर, आईच्या गावापुढे तीन मैलांवर होतं. मोटार आल्यापासून मामंजी आणि सासूबाई दर पौर्णिमेला देवाला जात. जाताना मला आईकडे सोडत आणि येताना उचलत. महिन्यातले तेवढे दोन तास मला आई मिळायची. बाकीचा महिना मी त्या दोन तासांवर काढायची.

वैशाखी पौर्णिमेला असंच झालं. आईच्या परसात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे. शेजारणीने ताजे रातांबे फोडून मीठ घालून आगळ काढलं होतं. आई उजव्या हाताने बाटलीकडे दाखवून म्हणाली, "घेऊन जा. तुला आवडतं." बोलताना तिचं तोंड वाकडं व्हायचं, त्यामुळे ती फार थोडं बोले. मी त्या आगळात पाणी नि जिरं घालून बाटलीभर केलं, तोंडाला केळीच्या पानाची गुंडाळी कोंबली आणि मोटार आल्यावर बाटली पदराखाली धरून बसले. पदराखाली एवढ्यासाठी, की माहेरून काही आणलं की सासूबाई म्हणत, "आमच्याकडे पाणीसुद्धा मिळत नाही वाटतं!"

मागच्या गादीवर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. त्यांच्या मांडीवर देवाचा प्रसाद आणि अंगारा. मामंजी पुढे ड्रायव्हरजवळ. हातखंब्याच्या अलीकडे एका खड्ड्यात मोटार अशी आदळली की मामंजींची टोपी टपाला लागली. माझी गुंडाळी सुटली आणि थोडं पाणी सांडलं. मी बाटली सावरली. लुगडं काळ्या चंद्रकळेचं, त्याच्यावर काही दिसलं नाही. गादीवर गेलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर मोटार पुसायला गेला आणि परत येऊन मामंजींच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मामंजी जाऊन बघून आले. मग सासूबाई जाऊन बघून आल्या. मला कुणी काही विचारलं नाही. सासूबाई त्या दिवशी माझ्याकडे बघून बोटांची पेरं मोजत होत्या, एवढंच मला आठवतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मला कावळा शिवला. म्हणजे मी बाहेरची झाले. तो शब्द लिहिताना माझ्या वयाच्या बायका अजून इकडेतिकडे बघतात, मी बघणार नाही. त्या काळी आमच्याकडे चार दिवस मागच्या पडवीत, एका घोंगडीवर बसावं लागे. ताट दुरून सरकवलं जाई. ते सरकवताना सासूबाई म्हणाल्या, "पौर्णिमेला बसायची ती द्वितीयेला बसलीस. दोन दिवस लपवलंस. मोटारीच्या गादीने सांगितलं आम्हाला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला घास खाली पडला.

"तो डाग कोकमाचा आहे," मी म्हटलं. "आईने आगळ दिलं होतं. बाटली सांडली."

"मला का दाखवली नाहीस मग बाटली?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्याच टोमण्याचं होतं. मी गप्प बसले. आयुष्यात चुकीच्या वेळी गप्प बसण्याची ती माझी शेवटची खेप.

"माहेरी जायला मिळावं म्हणून हिने लपवलंन," त्या आत जाऊन मामंजींना म्हणाल्या. मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या. "प्रसादाला खेटून बसली माझ्या."

ड्रायव्हर मिरजोळ्याचा, वयाने मोठा, सरळ माणूस. त्याला साक्षीला बोलावलं, तर तो हात जोडून म्हणाला, "मी म्होरं बघून चालवतंय, वैनी. मागं बघितलं तर मोटार व्हाळात जायची." त्याचं बरोबरच होतं. आगळात साखर असती तर मुंग्यांनी तरी येऊन माझ्या बाजूने साक्ष दिली असती. पण आईला खारंच आवडायचं.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले. सासूबाईंनी समोर बसवून निकाल सांगितला. बोलल्या शांतपणे, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. देवापुढे नाक घासायचं, पंचगव्य घ्यायचं आणि 'चुकलं, मी लपवलं' असं सगळ्यांसमोर म्हणायचं. मग गादी शुद्ध करून घेऊ, विषय मिटला, पुन्हा मोटारीत बस. नाही म्हटलंस, तर ती मोटार तुला बंद.

पावसाआधीची एक फेरी अजून व्हायची होती. अमावास्येच्या आत मामंजींना पालीकडच्या बागेतले आंबे बघायला जायचंच होतं. एकदा पाऊस लागला की लाल चिखलात मोटार बाहेर निघत नसे, ती थेट नवरात्रानंतर. म्हणजे मी 'चुकलं' म्हटलं नाही तर चार-साडेचार महिने आईचं तोंड दिसणार नव्हतं. आणि ती चार महिने काढील की नाही, हे त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण मोजत सगळेच होते.

मी यजमानांना पत्र घातलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर सुंदर होतं त्यांचं. 'आईचा स्वभाव तुला ठाऊक आहे. एकदा चुकलं म्हणून टाक. त्यात तुझं काय जातं?'

मी एका ओळीचं कार्ड पाठवलं: 'माझंच जातं.'

खोटं कशाला सांगू, ते कार्ड टाकल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. शंभरदा मनात आलं, म्हणून टाकावं. दोन शब्द, एक घोट पंचगव्य, आणि आई. पण मग दर पौर्णिमेला मी त्या मोटारीत चोर म्हणून बसणार. सासूबाई दर वेळी पेरं मोजणार, आणि आईसमोर मी खोटं कबूल केलेली मुलगी म्हणून जाणार. तिचं अर्धं अंग गेलं होतं, पण नजर दोन्ही डोळ्यांची शाबूत होती. तिने ओळखलं असतं. मी नाही म्हटलं.

इकडे डागाला कुणी हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. विटाळाचा डाग, कोण शिवणार? मामंजींनी त्याच्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं आणि दिवसातून तीनदा ते उचलून हळहळत होते. मुलगा परीक्षेत नापास झाला तेव्हा ते एवढे हळहळले नव्हते. त्या हळहळीनेच मला वाट दाखवली.

एके दुपारी ते गोणपाट उचलून उभे होते. मी जवळ गेले आणि म्हटलं, "मामंजी, हा डाग मी काढते. पण सासूबाई समोर हव्यात."

"निघेल?"

"कोकमाचा असेल तर निघेल. आणि कोकमाचा आहे की कशाचा, ते आधी डागालाच विचारू."

मी चुलीतली राख तांब्यात घेतली, पाणी घालून हलवली, निवळू दिली आणि वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं. दोन लिंबं कापली. विहिरीचं गार पाणी, जुन्या धोतराचे तुकडे आणि आईकडची ती कोकमाची बाटली घेतली. ज्या घराच्या परसात रातांबा आहे त्या घरातल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. रातांबे फोडून हात लालभडक झाले आणि ते राखेने घासायला गेलं की हात निळे पडतात. लिंबू चोळलं की पुन्हा लाल. लहानपणी आम्ही तो खेळच करायचो. रक्ताला राखेचं पाणी लावा, ते काळंतांबूस होईल, जन्मात निळं होणार नाही. सासूबाईंचं माहेर किनाऱ्यावरचं, माडा-पोफळीत वाढलेल्या त्या, पण आमसुलं सासरी आल्यावर वाण्याकडूनच घेत आलेल्या. त्यांनी कोकम शिजलेलंच पाहिलं होतं.

त्या ओटीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. स्वयंपाकातून तशाच आलेल्या, भर वैशाखात अंगावर सोवळ्याची धाबळी, कपाळावरून घाम ओघळतोय. धाबळी म्हणजे जाडजूड लोकर. ती नेसून चुलीपुढे बसणाऱ्या त्या बाईची मला एरवी कीव यायची. त्या दिवशी आली नाही.

मी मोटारीचं दार सताड उघडलं आणि राखेच्या पाण्यात फडकं बुडवून डागाच्या कडेवर दाबलं. घासलं नाही, नुसतं दाबलं. मनात दहा आकडे मोजले. दहा-बारा दिवस झाले होते, डाग वाळून तपकिरी झाला होता. एवढ्या जुन्या कोकमाचा रंग बदलला नाही तर? ही शंका मला फडकं दाबल्यानंतर आली, हे बरंच झालं.

फडकं उचललं. डागाची ती कड निळी झाली होती. हिरवट निळी, मोराच्या मानेसारखी.

मामंजी गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "अरेच्चा!"

मी लिंबू पिळलं. निळं होतं ते डोळ्यांदेखत लाल झालं.

"परत कर बघू," मामंजी म्हणाले. गारुड्याचा खेळ बघायला जमल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी परत केलं. निळं, लाल. ड्रायव्हरसुद्धा बॉनेटमागून मान लांब करून बघत होता. "कोकमच ता," तो म्हणाला. आता मागं बघायला त्याला काही हरकत नव्हती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "आमटी उतू जाईल माझी." आणि आत गेल्या.

चुकलं हा शब्द मला म्हणायला लावणार होत्या ना? तो त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी दारापर्यंत मागे गेले होते. मग वाटलं, कशाला? आणि तिथेच, दारात, मला दुसराच राग आला. तो आजवर गेलेला नाही. मी काय सिद्ध केलं होतं? की मी ती नव्हे. बाहेरची नव्हे, विटाळाची नव्हे. पण असते तर? आजारी आईला भेटायला निघालेल्या मुलीला वाटेत कावळा शिवला असता, तर तो गुन्हा कुणाचा? माझा, कावळ्याचा, की चंद्राचा? जिंकून आल्यावर मला हरल्यासारखं वाटलं, आणि ते मी कुणाला सांगू शकले नाही.

"आता काढ तो," मामंजी म्हणाले.

काढायला दीड तास लागला. लोकरीला गरम पाणी लावलं तर ती आकसते, आणि राखेचं पाणी फार वेळ राहिलं तर कापड कुजतं, म्हणून आधी सगळीकडे लिंबू फिरवून डाग लाल करून घेतला. मग गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं कडेकडून मधे, कडेकडून मधे असं टिपत आणलं. मधून कडेला गेलं की डाग पसरतो. घासलं की कापडाचे केस उठतात आणि डाग गेला तरी जागा दिसतेच. फडक्यावर गुलाबी उतरत होतं तोवर फडकी बदलत राहिले. शेवटी वर तांदळाचं पीठ पसरलं, त्याने ओल ओढून घेतली, वाळल्यावर मऊ कुंच्याने ते झाडून काढलं. मामंजी सारखे म्हणत होते, "हळू हो, हळू." जणू मी मोटारीचं बाळंतपण करत होते.

सगळा डाग गेला. मग मी तांब्यातल्या उरलेल्या राखेच्या पाण्यात करंगळी बुडवली, बाटलीच्या तळाशी चिकटलेलं थोडं आगळ दुसऱ्या बोटाला लावलं, आणि माझ्या बसण्याच्या जागेच्या कडेला दोन्ही बोटं एकावर एक टेकवली. पावलीएवढा निळा ठिपका उमटला.

"अगो, तेवढा राहिला बघ," मामंजी म्हणाले.

"राहिला नाही. ठेवलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं आणि गोणपाटाची घडी करत निघून गेले. त्या माणसाने त्या ठिपक्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. अमावास्येच्या आधी मोटार पालीला गेली आणि मी तीत बसले. सासूबाईही होत्या. ठिपका आमच्या दोघींच्या मधे होता, त्या काचेतून बाहेर बघत होत्या. आईला मी सगळं सांगितलं. ती वाकड्या तोंडाने हसली. आजारी पडल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग पाऊस लागला. मोटार माडाच्या झापांच्या शाकारणीखाली उभी राहिली. आईची खबर येणाऱ्याजाणाऱ्याकडून मिळायची, बरी आहे, तशीच आहे. नवरात्र गेलं, कोजागिरीला रस्ता अजून ओला होता. कार्तिकात एका सकाळी तिच्या गावचा माणूस सर्व्हिसच्या मोटारीने आला. आईने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. "दाराकडं डोळं लावून हाय," तो म्हणाला. "धाडा ताबडतोब."

आई मला भेटली, हे इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. उजव्या हाताने तिने माझा हात धरला आणि तिसऱ्या दिवशी गेली. पण मला लिहायचं आहे ते त्या सकाळचं.

त्या माणसाचा निरोप मी ऐकला तो मागच्या पडवीतून, कारण मी बाहेरची होते. दुसरा दिवस होता. मामंजी ओटीवरून म्हणाले, "ड्रायव्हर, हँडल मार." मग एकदम थांबले, कारण त्यांना आठवलं. मी लुगडं सारखं केलं आणि घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आले, तशी. ड्रायव्हरच्या हातात हँडल तसंच राहिलं.

सासूबाई ओटीवर आल्या. अंगावर धाबळी, हाताला पीठ. "अगो, कुठे निघालीस?"

"आईकडे," मी म्हटलं. "आज माझा दुसरा दिवस आहे. ह्या वेळी मीच सांगते आहे, मोठ्याने सांगते आहे. कुणी मोजायला नको. मी मोटारीत बसणार आहे."

मामंजींनी मान खाली घातली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर मोटारीकडे गेली, तिथून स्वतःच्या धाबळीवर आली आणि तिथेच थांबली. पिठाच्या हातांनी त्यांनी धाबळीचा काठ उगाच सारखा केला.

"बस," त्या म्हणाल्या. "लोकरीची गादी आहे ती. लोकरीला विटाळ लागत नाही."

माझा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी मान तुकवली होती, आणि मी काही न बोलता बसायला हवं होतं, असं मला पुढे पुष्कळांनी सांगितलं.

"वैशाखातही ती लोकरच होती, सासूबाई," मी म्हटलं, आणि त्या निळ्या ठिपक्यावर जाऊन बसले.